धबधब्याला नेलेलं घरचं पाणी

ठाणे, ता. ९ नोव्हेंबर १८८७

प्रिय काळुराम,

'प्रिय' एवढं लिहून मी बराच वेळ नुसता बसलो होतो. पाच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज एकदम प्रिय! तू हसशील, नाहीतर पत्र सरळ चुलीत घालशील. घालायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून घाल, एवढीच विनंती. तलावाजवळच्या शाळेत चार इयत्ता आपण एकाच चटईवर बसून काढल्या, तेव्हा माझं अक्षर तुला लागत नाही ही सबब मी ऐकणार नाही.

गेल्या मंगळवारी टपालानं एक पत्र आलं. कल्याणच्या एका लाकडाच्या वखारीचे शेट लिहितात, की कोपर गावच्या काळुरामाला कोठारावर नेमायचा विचार आहे, किल्ल्या त्याच्या हाती राहतील, तो पूर्वी आपल्याकडे होता असं सांगतो, तर माणूस इमानी आहे की नाही ते खरं खरं कळवावं. आपल्या उत्तरावर सगळं अवलंबून आहे. खाली आणखी दोन ओळी होत्या, त्यांच्याकडे नंतर येतो.

पत्र वाचून माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? यात काहीतरी डाव आहे. ज्या माणसानं भर बाजारात तुला लबाड ठरवलं, त्याचंच नाव तू कशाला देशील? अख्ख्या ठाण्यात तुला दुसरा कोणी मिळाला नाही? मी पाकीट उजेडाला धरून पाहिलं. अक्षर तुझंच तर नाही ना, म्हणून तुझी एक जुनी चिठ्ठी शोधून तिच्याशी ताडून पाहिलं. मग वाटलं, मी वाईट लिहावं आणि तो कागद हाती घेऊन तू मला कचेरीत खेचावंस, असा बेत असेल. टपालवाल्यालासुद्धा विचारलं, हे पत्र खरंच कल्याणहून आलं का. तो बिचारा शिक्का दाखवत राहिला. माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. खाडीला भरती आली तरी पाणी कोणी सोडलं म्हणून मी विचारत फिरेन.

हा स्वभाव तुला कुठे भोवला, ते आज सगळं पहिल्यापासून लिहितो. तुला माहीत असलेलंही लिहितो, कारण माझ्या बाजूनं ते कसं दिसलं हे मी तुला कधी सांगितलंच नाही.

ब्याऐंशी सालचा तो पावसाळा. ठाण्याचा तो गोरा साहेब विलायतेला परत जायचा होता आणि त्याला येऊरच्या जंगलातल्या बारा धबधब्यांचे फोटो हवे होते, पाऊस सरायच्या आत. ठाण्याच्या माणसाला असं काम मिळालं म्हणून मी हवेत होतो. मुंबईच्या मोठ्या फोटोवाल्यांना डावलून साहेबानं मला बोलावलं होतं. बारा फोटो चांगले निघाले असते तर पुढे मला कोणाच्या दारात जायची गरज उरली नसती. तुलाही मी भागीदार करीन म्हणालो होतो. म्हणालो होतो ना? मी विसरलेलो नाही.

तेव्हा काचा ओल्या असायच्या. काचेवर औषध ओतायचं, ती चांदीच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच क्यामेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत काळ्या तंबूत नेऊन दुसऱ्या औषधानं चित्र उघडं करायचं. हे दुसरं औषध कालवायला स्वच्छ, गोडं पाणी लागे. चेंदणीच्या विहिरी खाडीच्या शेजारामुळे मचूळ, आणि डोंगरावरच्या ओढ्यांना पावसाळ्यात तांबडा गाळ. म्हणून मी अंगणात धुतलेलं धोतर ताणून पावसाचं पाणी धरायचो, गाळायचो आणि दोन चिनी मातीच्या बरण्यांत भरायचो. तू त्या कावडीत घालून डोंगर चढायचास. पाड्यावरची एक वारलीण बांबूचे कोंब घेऊन उतरत होती, आठवतं? बरणीत काय आहे म्हणून तिनं विचारलं, तू पाणी म्हणालास, आणि कुठे नेता म्हणून विचारल्यावर धबधब्याला म्हणालास. ती वाटेतच खाली बसून हसली. पुढे आपण दिसलो की सगळा पाडा बाहेर यायचा, धबधब्याला घरचं पाणी नेणारे शहाणे बघायला.

पहिले तीन धबधबे किती सुरेख आले! तीस आकडे मोजेपर्यंत क्यामेऱ्याचं तोंड उघडं ठेवायचं, तेवढ्या वेळात पाणी काचेवर धुतल्या लुगड्यासारखं पांढरं उतरायचं, आणि ऐनाची, कुड्याची पानं मात्र एकेक वेगळी दिसायला हवीत. वारा आला की पानांचा नुसता धूर. मी घाईचा. तू कळकाच्या बेटाच्या शेंड्याकडे बघत बसायचास आणि बरोबर वारा पडायच्या आधी मला खूण करायचास. ती नजर मला कधीच आली नाही. पुढे मी पुष्कळ फोटो काढले, पण जंगलाचे तसे नाहीत.

तिसऱ्या धबधब्यावर माझा पाय शेवाळावरून सुटला. तू माझी मानगूट धरून मला ओढलंस. गुडघा फुटला, अंगरखा फाटला, क्यामेरा वाचला. घरी आल्यावर आईनं गुडघा पाहिला आणि मी काही नाही म्हणत असताना तू तिला सगळं खरं सांगून टाकलंस, खाली खडक किती होता, पाणी किती होतं, सगळं. मी तुझ्यावर चिडलो होतो. माझे वडील खाडीत बुडून गेले तेव्हापासून तिला पाण्याची किती धास्ती आहे हे तुला ठाऊक होतं. ती त्या दिवशी जेवली नाही.

पुढच्याच आठवड्यात काचा नासायला लागल्या. तंबूत औषध ओतलं की काचेवर दुधाची साय धरावी तसं व्हायचं, आणि त्या पांढऱ्यात धबधबा, झाडं, खडक सगळं बुडून जायचं. मी आधी मुंबईच्या औषधवाल्याला शिव्या दिल्या. मग पाड्यावरच्यांवर संशय घेतला, की जंगलाचे फोटो सरकारात जातील म्हणून ते तंबूत काही टाकत असावेत. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तेव्हा मी बरणीतलं पाणी वाटीत घेऊन त्यात चांदीच्या पाण्याचा थेंब टाकला. वाटी पांढरी झाली. याचा अर्थ फोटोवाल्याला एकच: पाण्यात मीठ आहे.

आता माझ्या डोक्यात काय शिजलं ते बघ. तिसऱ्या खेपेला मी सकाळी घरी बरण्या भरल्या, थेंब टाकून पाहिला, पाणी चोख. वर फडकं बांधलं आणि होडीच्या दोराला घालतात ती आडगाठ मारली, म्हणजे कोणी सोडली तर कळावं. मग आत पेज प्यायला गेलो, तू आलास, कावड उचललीस, आपण निघालो. डोंगरावर पोचल्यावर गाठ होती तशीच होती. सोडली, थेंब टाकला, आणि पाणी पांढरं! घरी गोडं, डोंगरावर खारं. मधल्या वाटेत बरण्या कोणाच्या खांद्यावर होत्या? तुझ्या. ती गाठ सोडून पुन्हा तशीच मारता येणारा कोण? तू. कोपरच्या खाडीवर होड्या बांधत वाढलेला. ती गाठ मला कोणी शिकवली होती हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. एवढा शहाणा मी!

त्यात मला कोणीतरी सांगितलं, की मुंबईचा एक फोटोवाला ठाण्याच्या स्टेशनात तुझ्याशी बोलताना दिसला. झालं! माझं गणित सुटलं. तू मला दरीतून ओढून काढलं होतंस, त्यातसुद्धा मला तुझी चाल दिसली. म्हटलं, आधी उपकार करून विश्वास बसवला आणि मग गळा कापला. आठ दिवस मी तुझ्याशी गोड बोलत तुझ्यावर पाळत ठेवली. तुझ्या कमरेची चंची तू विहिरीवर हात धुवायला गेलास तेव्हा उघडून पाहिली, मीठ सापडतंय का म्हणून. त्यात सुपारी होती. हे तुला आज पहिल्यांदा कळतं आहे.

साहेबानं सहाव्या नासक्या काचेनंतर काम काढून घेतलं आणि मुंबईच्या त्याच माणसाला दिलं. मी साहेबाच्या बंगल्यावरून निघालो तो तडक बाजारात, तू तलावाजवळ उभा होतास तिथे. बाजाराचा दिवस, शंभर माणसं. मी म्हणालो, "या माणसानं माझ्या पाण्यात मीठ कालवलं. याला कोणी दारात उभं करू नका." तू कावड खाली ठेवलीस. तू म्हणालास, "पाणी मी वाहिलं, सिल्वेस्टर. त्यात काय पडलं ते मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर तू सांग." आणि गेलास. मला वाटलं, चोराच्या उलट्या बोंबा.

लोकांना तेवढं पुरलं. खाल्ल्या मिठाला जागला नाही, असं जो तो म्हणायला लागला आणि वर त्या मिठाचीच मस्करी. नौपाड्यात भाताच्या वाडीवर तुला ठेवायचं ठरलं होतं, तिथून नकार आला. तुझ्या मामानंही घर सोडायला सांगितलं असं मागून कळलं. कोपरला जाऊन तू दुसऱ्याच्या होडीवर राबतोस हेही कळलं. मी म्हणायचो, पेरलं ते उगवलं. काळुराम, हे मी म्हणायचो रे.

इकडची हकीकत थोडक्यात. आता मुंबईला सुक्या काचा मिळतात. पेटीत भरून न्यायच्या, हव्या तिथे फोटो काढायचा आणि घरी येऊन धुवायच्या. ना तंबू, ना बरण्या. लग्नाचे, बारशाचे, पेन्शनरांचे फोटो काढून माझं बरं चाललं आहे. आईचे गुडघे गेले आहेत, पण जीभ शाबूत आहे. मुंबईचा तो फोटोवाला मला चौऱ्याऐंशी साली एकदा भेटला. बोलता बोलता म्हणाला, तुमचा तो कावडवाला गडी मी माझ्याकडे बोलावला होता, पण आपला माणूस सोडून येत नाही म्हणाला. मी विषय बदलला. तरीही मनात म्हटलं, दोघांनी मिळून रचलेलं असेल.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. पंच्याऐंशीच्या ईस्टरआधीच्या उपासकाळात आमच्या देवळात एका मुलाचा बाप्तिस्मा होता आणि आईबापांना फोटो हवा होता. माझ्याकडे ओल्या काचांचं जुनं औषध थोडं उरलं होतं. औषध कालवायला पाणी कमी पडलं, म्हणून देवळाची व्यवस्था बघणाऱ्या लिओकडे मागितलं. त्यानं घाईत कोपऱ्यातल्या घड्यातलं दिलं. औषध ओतलं आणि काचेवर तीच साय! पाच वर्षं, छे, तीनच वर्षं मागे गेल्यासारखं झालं. लिओला विचारलं तर तो म्हणाला, अरे, ते मंतरलेलं पाणी दिलं वाटतं मी, त्यात पाद्री आशीर्वादाचं मीठ घालतात, तुला एवढंही ठाऊक नाही? मला नव्हतं ठाऊक. जन्मभर ते पाणी कपाळाला लावत आलो, पाद्री वेदीपाशी लॅटिनमध्ये काय पुटपुटतात आणि ताटलीतून काय घालतात ते कधी नीट पाहिलं नाही. लिओ पुढे सहज म्हणाला, तुझी आई तर दर रविवारी बाटली भरून नेते, तू डोंगरावर जायचास तेव्हा दोन न्यायची.

बाकी कोणी सांगायची गरजच नव्हती. मी पेज प्यायला आत बसायचो, तेव्हा आई अंगणात बरण्यांपाशी असायची. मी गळ्यात ताईत घालणार नाही, देवळातलं पाणी शिंपडून घेणार नाही, तिला हसणार. म्हणून तिनं ते मी डोंगरावर पिईन त्या पाण्यात घातलं. मी फडकं बांधायला लागलो तेव्हा तिनं गाठ सोडली आणि पुन्हा मारली. ती गाठ वडिलांच्या होडीवर मला तिनंच शिकवली होती. माझ्या काचा नासल्या, मी संतापून घरी यायचो, ते बघून तिला वाटायचं डोंगरावरचं काहीतरी वाईट आपल्या पोराच्या मागे लागलंय, आणि पुढच्या खेपेला ती आणखी घालायची.

हे मला पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये कळलं. आज सत्त्याऐंशीचा नोव्हेंबर आहे. अडीच वर्षं मी गप्प बसलो. पहिल्या आठवड्यात तुला लिहायला कागद घेतला होता. मग म्हटलं, हे बाहेर आलं तर आईचं काय होईल, म्हातारी झुरून मरेल; तिच्यासाठी गप्प बसलं पाहिजे. हे कारण मला इतकं आवडलं, की मी त्यावर आरामात झोपायला लागलो. बाजारात कोणी अजून तुझं नाव काढून हसलं की मी दुसरीकडे बघायचो. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या मला या कारणाचा एकदाही संशय आला नाही.

आता शेटांच्या पत्रातल्या त्या दोन ओळी. ते लिहितात, 'आपणच पूर्वी याच्यावर आळ घेतला होता हे त्याने आपण होऊन आम्हांस सांगितले. तरी त्यांनाच विचारा, ते चुकतील, पण जाणूनबुजून खोटे लिहिणार नाहीत, असे त्याचे म्हणणे पडले.' मंगळवारी मी ही ओळ वाचून पत्र उलटं घालून ठेवलं. डाव, कचेरी, शिक्का, हे सगळे उद्योग मी त्या ओळीपासून पळायला केले. बुधवारी उत्तर लिहिलं: काळुराम माझ्याकडे चार वर्षं होता, त्याच्याइतका इमानी माणूस मी पाहिला नाही, माझा आळ खोटा होता, काचा माझ्याच घरच्या चुकीनं नासल्या, त्याचा त्यात काही हात नव्हता. गुरुवारी ते टपालात पडलं. बाजाराच्या दिवशी तलावाजवळ उभं राहून हेच मी लोकांना सांगितलं. पुष्कळांना तर तो आळ आठवतही नव्हता, आणि मला याचंच जास्त वाईट वाटलं. त्यांनी गंमत म्हणून तुझं नाव घालवलं आणि विसरले.

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं होतं ती कोसळेल. ती सगळं ऐकून म्हणाली, "पाणी मी घातलं आणि आळ त्या पोरानं वाहिला." मग तिनं विचारलं, "तुला कधी कळलं?" मी सांगितलं. सुपातले तांदूळ तिनं तसेच बाजूला ठेवले. ती म्हणाली, "माझ्या पदराआड लपलास होय रे? मला विचारलं तरी असतंस." बस्स, एवढंच. ती रडली, पण माझ्यासमोर नाही. संध्याकाळी तिनं नवं लुगडं काढून ठेवलं आणि मला होडी ठरवायला सांगितलं.

तेव्हा हे पत्र कशासाठी, तर त्यासाठी. शेटांच्या उत्तराचं तुला वखारीतून कळेलच, ते सांगायला मला कागद खर्चायची गरज नव्हती. येत्या रविवारी सकाळच्या भरतीवर आई कोपरला येते आहे. तिनं तुझी परवानगी मागितलेली नाही आणि ती मागणारही नाही. ती तुझ्या आईपुढे आणि तुझ्यापुढे हात जोडेल, तिला जोडू दे, थांबवू नकोस. नाहीतर ती मला आयुष्यभर सोडणार नाही. तिचे गुडघे असे आहेत की तिला हाताला धरून होडीतून उतरवायला मीही येणारच. विचारायचं आहे ते एवढंच, की तिला काठावर उतरवून मी तिथेच होडीत बसून राहू, की तिच्याबरोबर तुझ्या दारापर्यंत येऊ? दोन शब्दांत कळव. जे कळवशील ते मी निमूटपणे मानीन, त्यामागे काय असेल याचा विचार करत बसणार नाही.

तुझाच, ते म्हणायचा हक्क तू ठेवला असशील तर,
सिल्वेस्टर